टाकीवरचं घरटं

रविवार, १७ एप्रिल १९९४
धावपट्टीजवळची टपरी, दुपारची वेळ

जिलाली,

सलाम तुला, बहिजाला आणि दोन्ही पोरींना. देव तुझा डोळा राखो. झालं, आता मुद्द्याचं बोलते. तुझ्या दाजींना खोटारडं ठरवताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही का? पंचवीस वर्षं त्या माणसाने या धावपट्टीवरचे पक्षी हाकलले. सहा वर्षांचा होतास तेव्हा त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून तू पहिल्यांदा विमान बघायला आलास. फवारणीच्या कंपनीत तुला पहिल्यांदा औषधाचे डबे उचलायला कुणी चिकटवलं? त्या फिरंगी कप्तानाच्या मागे लागून तुला विमानाच्या शाळेत कुणी धाडायला लावलं? आणि आता तू दवाखान्यातल्या पलंगावरून जबाब देतोस की पाण्याच्या टाकीवरचं करकोच्यांचं घरटं उतरवल्याचा कागद बूसलहामने, म्हणजे दाजींनी, दिला होता, त्या कागदावर भरवसा ठेवून मी उडालो, घरट्याचं मला काहीच माहीत नव्हतं.

काहीच माहीत नव्हतं म्हणे.

तुझा तो जबाब फ्रेंचमध्ये आहे. कचेरीतल्या कारकुनाने दाजींना आपल्या बोलीत वाचून दाखवला. मी खिडकीबाहेर उभी होते, सगळा ऐकला. मग कारकुनाने अदबीने 'सी' लावून विचारलं, "सी बूसलहाम, घरटं उतरवलं होतं की नव्हतं?"

"उतरवलं होतं."

"मग परत कसं आलं?"

"करकोचे बांधतात. त्यांचं कामच ते."

"बरं. आणि तारेने आवळलेलं सायकलचं चाक? तेही करकोच्यांनीच चोचीत धरून वर नेलं?"

तासभर तो विचारत राहिला आणि दाजी पायांकडे बघत राहिले. शेवटी कारकून म्हणाला की अठ्ठावीस तारखेला, गुरुवारी, राबातहून चौकशीचे तीन साहेब येणार. तेव्हाही असंच तोंड शिवून बसलात तर खोट्या कागदावर अंगठा दिला आणि जाणूनबुजून विमान धोक्यात घातलं, असं लिहिलं जाईल. मग नोकरी आणि खोली तर जाईलच, वर पोलीस घेऊन जातील. एकोणसाठ वर्षांचा माणूस, जिलाली. आता कुठे जाईल तो?

मी तुला फोन केले. किराणावाल्याच्या दुकानातून, तीन वेळा. तिन्ही वेळा बहिजा. "ताई, ते झोपलेत." इतकं तर तू पाळण्यातसुद्धा झोपत नव्हतास. मग गेल्या मंगळवारी बाजार सोडून मी मआती ड्रायव्हरच्या बसने राबातला आले. जाळीदार पोळ्या केल्या होत्या, तुला आवडतात तशा, लोणी-मध घालून. दारातच तुझी बायको. तिच्या अत्तराच्या वासाने अर्धे रोगी बरे होत असतील.

"डॉक्टर म्हणालेत, त्यांना त्रास द्यायचा नाही."

"मी त्रास द्यायला नाही आले, पोळ्या द्यायला आलेय."

"मग ठेवा ना इथे."

ठेवल्या. खाल्ल्यास तरी का, की नर्सांना वाटून टाकल्या?

म्हणून हे पत्र. माझ्या हातचं पहिलंच. एरवी बाजारातल्या सी अल्लालकडून लिहवून घेतलं असतं, पण त्याला सांगितलेली गोष्ट म्हणजे मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलेली गोष्ट. मी लिहायला शिकले ती तुझ्याकडूनच. तू आठ वर्षांचा होतास, शाळेतून यायचास आणि कोळशाने भाकरीच्या पाटावर अक्षरं काढायचास. मी पीठ मळता मळता बघायचे. पाट रोज धुवावा लागायचा म्हणून तुझ्यावर ओरडायचे, पण धुवायच्या आधी एकदा बोट फिरवून घ्यायचे. चुका असतील. असू देत. तुझ्या जबाबात शुद्धलेखनाची एकसुद्धा चूक नाही म्हणतात, त्याचा काय उपयोग झाला?

इथली खबर ऐक. विमानं अकरा दिवस बंद आहेत. बीटाला कीड लागलीय आणि शेतकरी रोज येऊन कचेरीच्या दाराशी भांडतात. दाजी तरीही पहाटे उठून रिकामे पिंप बडवायला जातात. मी म्हटलं, "उडायला कुणी नाही, मग कशाला बडवता?" म्हणाले, "पक्ष्यांना थोडीच सांगितलंय विमानं बंद आहेत म्हणून." बगळे उठतात, तासाभराने परत येऊन बसतात. करकोच्यावर ते पिंप वाजवत नाहीत, तुला माहीत आहे. त्याच्यापुढे जाऊन हात जोडतात. "काझीसाहेब, कोर्ट उठलं, चला." तो चार पावलं चालतो, मान वाकडी करून बघतो आणि मगच उडतो. पूर्वी तो खरोखर काझी होता म्हणतात, कसलं तरी पाप केलं म्हणून देवाने पंख लावले. आपल्यातले सगळे पापी असे गोरेगोमटे दिसले असते तर बरं झालं असतं.

टाकीवर आता एकच उरलाय. पिल्लं तीन. एकटाच कालव्यावर जातो, बेडूक आणतो, टाकतो आणि परत जातो. उन्हात सावली धरायला घरट्यावर कुणी नसतं.

दुसरा कुठे पडला ते अजून कुणाला सापडलं नाही. विमानाच्या फुटलेल्या काचेत पिसं आणि रक्त मिळालं, पण अख्खा पक्षी नाही. तू जबाबात म्हटलंस की नियमाप्रमाणे उडून मी डावीकडे कालव्यावर वळलो आणि तिथे तो आडवा आला. म्हणून चार माणसं कालव्याच्या काठाने काठ्यांनी गवत उलथंपालथं करताहेत. दुपारी दमून टपरीवर आली. मी त्यांना चहा दिला.

ट्रॅक्टरवाले आलेत. उठते.

सोमवार, सकाळ

काल त्या लोकांच्या पाठोपाठ वझ्झानी साहेब आला. नोव्हेंबरात येऊन घरटं उतरवायला सांगणारा तोच. बोलायला गोड आहे. बाकावर बसला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या टपरीतून टाकी अगदी समोर दिसते."

"दिसते."

"मग घरटं परत कधीपासून आहे, ते तुम्हाला माहीत असेल."

"मी चहा करते साहेब. वर बघायला वेळ कुणाला आहे?"

तो हसला. "पुरे आता साखर. हा चौथा खडा टाकताय."

मी खरंच चौथा खडा टाकत होते. तो चहा त्याने प्यायला, कप खाली ठेवला आणि जाताना म्हणाला, "अठ्ठावीसच्या गुरुवारी तुम्हालाही बोलावलंय. तेव्हा वर बघून या."

रात्रभर तेच डोक्यात. म्हणून आज पहिली भाकरी भट्टीत जायच्या आधीच लिहायला बसले. काल मी तुला शिव्या दिल्या, त्या मागे घेत नाही. पण शिव्या देणं सोपं असतं. आता जे लिहिते ते मी तुझ्या दाजींनासुद्धा अजून तोंडाने सांगितलेलं नाही.

घरटं त्यांनी उतरवलं होतं. नोव्हेंबरात, साहेब गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळपासून दुपारपर्यंत वर होते. खाली ढीग पडला तो खाटेएवढा होता, वर्षावर्षांचा. चुलीला पंधरा दिवस पुरला. वर काटेरी तारही बांधली, म्हणजे पुन्हा बसायला नको. मग कचेरीत जाऊन अंगठा दिला. तो अंगठा खरा होता, जिलाली. त्यात तिळाएवढं खोटं नव्हतं.

परत मी ठेवलं.

डिसेंबरात, मंगळवारी. दाजी बाजाराला गेले होते. मी पक्कड घेतली, द्राक्षाच्या वेलाच्या छाटलेल्या काड्यांचा भारा बांधला आणि मागच्या खोपटातल्या मोडक्या सायकलचं चाक पाठीला लावलं. कुठल्या सायकलचं, ते मी तुला सांगायला नको. त्यांनी तुला चाकाचा फोटो दाखवला असेलच. एक आरा वाकलेला, तू कालव्यात पडला होतास तेव्हाचा. ओळखलं असशील आणि बोलला नसशील.

माझे गुडघे कसे आहेत तुला माहीत आहे. टाकीची पहिली पायरी उंचावर, म्हणून खाली घरची शिडी लावली. टाकीच्या शिडीला अठ्ठेचाळीस पायऱ्या, वर जाताना मोजल्या. वर वारा असा की पदर डोक्यावर राहीना, तो दातांत धरला. तार तोडली, चाक बांधलं, वर काड्या रचल्या. खाली उतरले आणि तिथेच मातीत बसून राहिले. आणि हसू आलं. पन्नास वर्षांची बाई करकोच्याचं अंथरूण घालतेय.

दाजी संध्याकाळी आले. घराच्या भिंतीकडे बघून म्हणाले, "शिडी कुणी हलवली?"

"वाऱ्याने."

"वारा आता शिडी भिंतीला टेकवूनही ठेवतो का?"

मी वाटाण्याचं सूप ढवळत राहिले. ते बाहेर गेले आणि बराच वेळ टाकीकडे बघत उभे राहिले. आत आले, हात धुतले, म्हणाले, "वाढ." त्यानंतर कालपर्यंत त्यावर एक शब्द नाही. म्हणजे त्यांनाही माहीत आहे. त्यांनी वर जाऊन परत काढायला हवं होतं, त्यांचं काम होतं ते. नाही काढलं. ती चूक त्यांचीच, मी ती झाकत नाही. पण का नाही काढलं ते तुला कळायला पाहिजे.

तुला रहमा आठवते. तू तिला खांद्यावर घेऊन नाचायचास. ब्याऐंशी साली वरून असाच हुकूम आला होता आणि दाजींनी असंच घरटं उतरवलं होतं. आत अंडी होती. त्यांनी ती टोपीत ठेवून हळूच खाली आणली आणि कोंबडीखाली ठेवली. काही उपयोग झाला नाही. त्यानंतर अकराव्या दिवशी रहमाला ताप भरला आणि तीन दिवसांत पोर गेली. पाच वर्षांची. डॉक्टर म्हणाला, मेंदूचा ताप. असेल. मी अडाणी आहे, पण करकोच्याने ताप आणला म्हणण्याइतकी नाही. निदान दिवसा नसते.

पण बघ, आपल्याकडे घरटं मोडणाऱ्याच्या घरातलं काहीतरी जातं असं आईच्या दुधाबरोबर ऐकलेलं असतं. डोक्याने नाही म्हटलं तरी पोटाला पटत नाही. गेल्या नोव्हेंबरात तो ढीग खाली पडला तेव्हा मी टपरीच्या दारात उभी होते आणि मनात एकच आलं. त्या वेळी घरटं मोडलं तेव्हा घरात एक पोर होतं आणि ते गेलं. आता घरात कोण आहे? म्हातारा आणि मी, आम्हाला कोण नेतंय. आणि तू. रोज सकाळी त्या पत्र्याच्या डब्यात बसून वर जाणारा.

मी ते घरटं तुझ्यासाठी परत ठेवलं, जिलाली. तुला काही होऊ नये म्हणून.

भाकरी करपली. बघून येते.

सोमवार, दुपार

आता तुझं.

जानेवारीत जोडी आली. आल्या आल्या मान मागे टाकून दोघं चोची वाजवायला लागली. फेब्रुवारीपासून तू रोज त्यांच्यावरून उडालास. मार्चमध्ये एक दिवस उतरून टपरीवर आलास, टोपी बाकावर टाकलीस आणि काय म्हणालास? "ताई, तुझ्या काझीला पोरं झाली. तीन. वरून मोजली." मी म्हटलं, "हळू बोल, साहेब आहे आत." तू ओठांवर बोट ठेवलंस आणि माझ्या ताटातली भाकरी उचललीस. दर संध्याकाळी वैमानिकाने वहीत पक्षी किती, कुठे, ते लिहायचं असतं. तू काय लिहायचास ते मला दाजींनी सांगितलं. पक्षी नाहीत. रोज तेच. माझ्यासाठी लिहायचास, हे मला कळतं. म्हणून आपण तिघंही गप्प होतो. तू माझ्यासाठी, मी तुझ्यासाठी, आणि ते आपल्या दोघांसाठी. आता त्या तिघांतल्या एकट्यावर सगळं ढकलून तू मोकळा होतोस, तेवढं मला गिळवत नाही.

आणि तो बुधवार. सहा एप्रिल.

नियम डावीकडे वळायचा. टाकी उजवीकडे, म्हणून कालव्यावरून जायचं, हे पंचवीस वर्षांपासूनचं. पण तू पहिल्या फेरीला नेहमी उजवीकडे वळायचास. टपरीवर पंख कलवायचास. म्हणजे, ताई, चहा चढव, तासाभरात आलो. मी तांब्याचं तबक घेऊन बाहेर यायचे आणि उन्हात हलवायचे, म्हणजे तुला वरून चमक दिसावी. ही लाडाची सवय आपणच लावून घेतली. कचेरीतल्या कुणी पाहिलं असेल तर काणाडोळा केला असेल.

त्या दिवशीही मी तबक घेऊन उभी होते. तू उजवीकडे वळलास, जिलाली. कालव्याकडे नाही. माझ्याकडे.

करकोची कालव्याकडून परत येत होती. चोचीत काहीतरी लोंबत होतं. ती घरट्यावर उतरायला पाय खाली सोडत होती आणि तू पंख कलवलास. तुझी नजर तबकावर असणार. मी तबक खाली घालायला पाहिजे होतं, ओरडायला पाहिजे होतं. पण ओरडून वर ऐकू येतं का? ओल्या गोधडीवर धोपटणं हाणावं तसा आवाज आला. विमान थांबलं नाही, फक्त एका अंगावर झुकलं, निलगिरीच्या शेंड्यांना घासत वळलं आणि कालव्यापलीकडे खाली खाली गेलं. दाजींनी हातातल्या काठ्या टाकल्या आणि धावत सुटले. त्यांना धावताना मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

आणि ती माझ्या अंगणात पडली. चुलीपासून चार पावलांवर.

आता सांगते ते नीट वाच, कारण हे मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही. मी तुझ्यामागे धावले नाही. आधी आत गेले, पिठाची गोणी आणली आणि तिच्यावर टाकली. मग इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं का. मग धावले. तू बीटाच्या शेतात विमानात उलटा टांगलेला होतास, तोंडभर काचा, आणि तुझी बहीण इथे गोणीचे कोपरे नीट करत होती. किती वेळ गेला असेल? शंभर आकडे मोजण्याइतका. तेवढ्यात तू मेला असतास तर मला ते शंभर आकडे जन्मभर मोजावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी मी तिला अंजिराखाली पुरलं. गोणीसकट. साहेबाची चार माणसं कालव्यावर गवत शोधताहेत आणि त्यांना चहा देताना मी त्या अंजिराला पाठ लावून उभी असते. ती तिथे सापडली म्हणजे विमान माझ्या टपरीवर होतं हे सापडलं. तुझं लायसन्स जाईल. मी तुलाच झाकत होते. आणि थोडं स्वतःलाही.

तू खोटं का बोललास ते मला कळतं. डॉक्टर म्हणतो डोळा राहील. डोळा राहिला तर उडता येईल, फक्त चूक तुझी नसायला पाहिजे. बहिजाने हे तुझ्या कानात भरलं असेल असं मला म्हणावंसं वाटतं, पण नाही म्हणत. तुझं डोकं तुझ्याच धडावर आहे.

काल संध्याकाळी मी दाजींना विचारलं, "गुरुवारी काय सांगणार?"

म्हणाले, "अंगठा माझा आहे. माझं मी बघेन."

"आणि चाकाचं विचारलं तर?"

"म्हणेन, मीच बांधलं."

"अहो, पण तुम्ही नाही बांधलं."

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. म्हणाले, "रहमाच्या वेळी उतरवलं ते मीच ना? मग आता बांधलंही मीच. हिशोब सरळ आहे." आणि उठून कोंबड्या कोंडायला गेले. बारा वर्षं मला वाटत होतं की ते माझ्यापेक्षा शहाणे आहेत, त्यांना असलं काही वाटत नाही. बारा वर्षं एका ताटात जेवलो आणि एकमेकांना विचारलं नाही.

म्हणून माझं ठरलंय. गुरुवारी मी साहेबांपुढे उभी राहून सांगणार की घरटं मी ठेवलं. चाक, तार, काड्या, अठ्ठेचाळीस पायऱ्या, सगळं. हे तुझ्या उत्तरावर अवलंबून नाही. पण माझं एकटीचं कुणी मानणार नाही. म्हणतील, बायको नवऱ्याला वाचवतेय. या गुडघ्यांनी ही बाई वर चढली म्हणे. माझ्या बोलण्याला वजन तुझ्याने येईल. तू जबाबातल्या दोन ओळी बदल. एक, घरटं तुला वरून दिसत होतं आणि तू वहीत लिहिलं नाहीस. दुसरी, तू उजवीकडे वळलास. बस. दाजींची बाजू घे असं मी म्हणत नाही. त्यांच्या वाट्याचं त्यांना मिळेल, माझ्या वाट्याचं मला. तू फक्त तुझ्या वाट्याचं उचल.

तुझ्या ओळी मी तुझ्या वतीने सांगणार नाही. तेवढी अजून तुझी बहीण आहे. पण वझ्झानी साहेबाने माझ्याकडे बघून विचारलं की बाई, पक्षी कुठे पडला, तर मी पुन्हा साखर टाकत बसणार नाही. अंजिराखालची माती दाखवीन. तेव्हा ते तुझ्या तोंडून आधी आलेलं असावं की माझ्या हातून बाहेर निघावं, ते तू ठरव. पहिल्यात लायसन्स जाईल. दुसऱ्यात लायसन्स जाईल आणि वर तू खोटारडा ठरशील, पोरींचा बाप असून. मी तुला असं वाढवलं नव्हतं. आई तुला माझ्या हातात देऊन गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि तुला सांभाळायला काय काय सोडलं ते मी तुला कधी ऐकवलं नाही. आताही नाही ऐकवत.

हे पत्र उद्या बाजाराच्या बसने मआतीकडे देते. तो तुझ्याच हातात देईल, बहिजाच्या नाही, तसं त्याच्याकडून वदवून घेतलंय. उत्तर पुढच्या मंगळवारी, सव्वीस तारखेला, दुपारच्या नमाजाच्या आत मला मिळालं पाहिजे. मआतीची बस अकराला येते. मी बाजारात शिरणार नाही, थांब्यावरच उभी राहीन. हो किंवा नाही, तेवढं लिही. कारणं नकोत, ती मला पाठ आहेत.

आणि स्वतःच्या हाताने लिही. एका डोळ्याने लिहिता येतं. मी अर्ध्या अक्षरांवर एवढं लिहिलं.

तू वळलास तेव्हा तबक घेऊन उभी असलेली,
तुझी बहीण
तामू